दोन भावंडं, एक भारतीय

"ताई, जन्म गोठणगावचा माझा. पण कागदावर मी परदेशीच."

आज नागपुरात स्वेटर घेताना तिबेटी दुकानवाली इतक्या सहज हे बोलली, की पैसे मोजता मोजता माझा हात थांबला. गोठणगाव म्हणजे गोंदिया जिल्ह्यातली तिबेटी वसाहत; तिची मराठीही अगदी तिकडची. थोरला भाऊ १९८५चा, त्याला पासपोर्ट मिळाला. ही १९८९ची.

कायद्याची रेघ दोघांच्या मधोमध आहे: १ जुलै १९८७. त्याआधी इथे जन्मलेला जन्मानेच नागरिक. नंतरच्याचे आई किंवा वडील तरी भारतीय हवेत. हिचे दोघेही निर्वासित. आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही. तिने परदेशी म्हणून मिळालेलं आपलं नोंदणीपत्र नवं करून घेत राहायचं.

एकाच आईची लेकरं, एकाच अंगणात वाढलेली. ती परदेशी, तर मग तिचा देश कोणता?