वाळवंटातील पानगळ : चौथ्या हंगामाच्या नोंदी

टुसॉन परिसरातील पानगळीच्या नोंदी ठेवण्याचे हे माझे चौथे वर्ष आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून डिसेंबरच्या पूर्वार्धापर्यंतचा हंगाम, एकही टप्पा न चुकता, या वर्षी प्रथमच वहीत उतरला याचे मला फार समाधान आहे. अ‍ॅरिझोनातील सोनोरन वाळवंट म्हटले की सग्वारो निवडुंग डोळ्यांसमोर उभे राहतात, त्यामुळे येथे सोनेरी आणि लाल पानांचा हंगाम दोन महिने चालतो यावर नव्याने आलेल्या मंडळींचा विश्वास बसत नाही. तो एका जागी थांबून दिसत नाही, हे मात्र खरे. तो डोंगरमाथ्यावर सुरू होतो आणि थंडीबरोबर खाली उतरत ओढ्यांच्या काठी संपतो.

रंग मोजण्यासाठी मी या वर्षी आणेवारी वापरली. उभ्या पिकाचा अंदाज जसा आण्यांत बांधतात, तसा झाडाच्या किती पानांनी रंग बदलला याचा अंदाज मी आण्यांत लिहिते. सोळा आणे म्हणजे झाडावर एकही हिरवे पान उरलेले नाही. पूर्वी मी टक्के लिहीत असे, परंतु झाडाखाली उभे राहून साठ की पासष्ट हे ठरवता येत नाही, आठ आणे की बारा आणे हे मात्र लगेच कळते.

४ ऑक्टोबर, माउंट लेमन. शहर सुमारे २,४०० फुटांवर आहे आणि हा माथा ९,१५७ फुटांवर. दर हजार फुटांना तापमान साधारण दोन अंश सेल्सियसने उतरते, म्हणून निवडुंगांच्या रानातून निघालेली गाडी तासाभरात सूचिपर्णी जंगलात पोहोचते. सारा प्लमर लेमन या वनस्पतिशास्त्रज्ञ बाई १८८१ मध्ये येथे चढून आल्या होत्या आणि डोंगराला त्यांचेच नाव आहे, याचा मला दरवेळी आनंद होतो. वरचे अ‍ॅस्पेन आठ आणे पिवळे होते. अ‍ॅस्पेनच्या पानाचा देठ चपटा असल्यामुळे झुळूक नसल्यासारखी असतानाही पाने थरथरतात आणि पिंपळाच्या सळसळीची आठवण होते. २००३ आणि २०२० च्या वणव्यांनी हा डोंगर होरपळला होता. अ‍ॅस्पेन जळाले तरी जमिनीखालच्या मुळांतून नवे कोंब फुटतात, त्यामुळे जळक्या ओंडक्यांच्या मधोमध उभी असलेली पिवळी झाडे येथे जागोजागी दिसतात.

१२ ऑक्टोबर, बेअर वॉलो. सुमारे ८,००० फुटांवरच्या या घळीत बिगटूथ मेपल आहेत आणि संपूर्ण हंगामातला खरा लाल रंग मला येथेच मिळतो. पिवळे रंगद्रव्य पानात आधीपासून असते आणि हरितद्रव्य ओसरल्यावर ते उघडे पडते. लाल रंग मात्र पान त्याच वेळी नव्याने तयार करते, आणि त्यासाठी स्वच्छ उन्हाचे दिवस व गोठणबिंदूच्या खाली न गेलेल्या गार रात्री लागतात. या वर्षी तसेच घडले आणि बारा आणे नोंदवता आले. मागील वर्षी मी २५ ऑक्टोबरला गेले होते, तेव्हा वाऱ्याने सगळी पाने खाली उतरवलेली होती.

नोव्हेंबरचे पहिले तीन आठवडे पायथ्याशी फारसे काही घडले नाही. ओकोटिओची पाने पिवळी होऊन गळली, परंतु ती मी या वहीत धरत नाही, कारण त्या झुडपाला पाऊस पडला की पाने फुटतात आणि जमीन सुकली की गळतात, तेही वर्षातून अनेकदा. महाराष्ट्रातील सागाची पानगळ याच जातीची, पाणी वाचवण्यासाठी होणारी असते. ओढ्याकाठच्या झाडांना मात्र पाण्याची ददात नसते. त्यांची पाने लहान होत जाणारा दिवस आणि थंडी यांमुळे गळतात, आणि म्हणूनच त्यांची तारीख दरवर्षी बऱ्यापैकी सांभाळली जाते.

६ डिसेंबर, साबिनो कॅन्यन. फ्रेमाँट कॉटनवुड चौदा आणे, व्हेल्व्हेट अ‍ॅश दहा, सिकमोर तांबूस तपकिरी. आत खासगी वाहनांना बंदी असल्याने मी सकाळी चालतच गेले आणि वरच्या वाटेवरून खाली पाहिले, तेव्हा दोन्ही उतारांवर सग्वारो आणि त्यांच्यामधून ओढ्याच्या वळणाबरोबर वळत गेलेली पिवळी रेघ दिसली. या दृश्यासाठी मी चार वर्षे खपले आहे. ओढ्याच्या सखल वळणावरची तीन झाडे शेजारच्या झाडांपेक्षा सलग तिसऱ्या वर्षी आठवडाभर आधी पिवळी झाली. रात्रीची जड, गार हवा उतारावरून वाहत येऊन तेथे साचते, हेच त्याचे कारण असावे असे मला वाटते. पुढील वर्षी तेथे आणि पन्नास फूट वर असे दोन तापमापक टांगण्याचा विचार आहे.

अरावैपा कॅन्यन अजून राहिले आहे. तेथील संरक्षित रानात दिवसाला पन्नासच माणसांना परवानगी मिळते, त्यामुळे नोव्हेंबरअखेरची तारीख हवी असेल तर परवान्यासाठी बरेच आधी अर्ज करावा लागतो. पुढील हंगामासाठी मी तो लवकरच करणार आहे.