वेपची कॉइल धुणं सोपं, वाळवणं अवघड – माझा अनुभव

आधीच सांगतो, हे ज्यांनी सिगारेट सोडायला वेप, म्हणजे ई-सिगारेट, घेतलंय आणि जे अशा देशात राहतात जिथे ते कायदेशीर आहे, त्यांच्यासाठी आहे. मी इंग्लंडात स्लाउला असतो. ज्याला कसलंच व्यसन नाही त्याने यात पडायचं काही कारण नाही, निकोटीन सुटता सुटत नाही हे मी पंधरा वर्षं सिगारेट ओढून सांगतोय.

इथे १ जून २०२५ पासून वापरून फेकायचे वेप बंद झाले. तोपर्यंत मी तेच वापरायचो, संपलं की टाकून द्यायचं, साफ करायचा प्रश्नच नव्हता. मग रिफिलवाला टँक घेतला, बॅटरी चार्ज करायची, लिक्विड भरायचं, आणि आत एक छोटी कॉइल असते ती खराब झाली की बदलायची. पहिले काही दिवस मस्त गेले, नंतर जळकी चव. दुकानात गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, नवीन कॉइल लावा. लावली. परत तेच. परत गेलो, परत "नवीन कॉइल लावा". एका कॉइलला तीन-चार पौंड पडतात आणि ती आठवडाभरही टिकत नव्हती. ती का जळते, हे त्या दुकानात एकदाही कुणी सांगितलं नाही, आणि याचा राग मला अजून आहे. कारण समजलं असतं तर निम्म्या कॉइल वाचल्या असत्या.

तर कारण असं. कॉइल म्हणजे धातूची तार किंवा बारीक जाळी, तिच्याभोवती कापूस, कापूस लिक्विड शोषतो, तार तापते, लिक्विडची वाफ होते. कापूस ओला आहे तोवर तो जळत नाही. कोरडा पडला की करपतो, आणि एकदा करपलेला कापूस कशानेही नीट होत नाही, कितीही धुवा. दुसरं म्हणजे गोड लिक्विड. त्यात सुक्रालोज नावाची कृत्रिम साखर घातलेली असते, ती वाफ होऊन जात नाही, तारेवरच साखरेच्या पाकासारखी काळी होऊन बसते. म्हणजे कॉइल दोन कारणांनी मरते, करपून नाहीतर काजळी धरून. धुण्याचा उपयोग फक्त दुसऱ्या प्रकारात, आणि तोही वेळेत धुतली तरच. चव थोडी मंद लागायला लागली, लिक्विडचा रंग टँकमध्येच गडद दिसायला लागला, की तेव्हाच काढायची. जळकी चव आल्यावर धुवायला घेतली तर ते पाणी वाया.

धुणं अगदीच सोपं आहे म्हणून त्यावर फार लिहीत नाही. टँक रिकामा करायचा, सुटा करायचा, काच आणि धातूचे भाग कोमट पाण्यात साध्या साबणाने, रबराच्या रिंगा वेगळ्या काढून नुसत्या पाण्याने. रिंगा हरवू नका, वाटीत ठेवा, बेसिनच्या जाळीतून एक गेली की टँक गळायला लागतो. कॉइलला साबण अजिबात नाही, कापसात बसलेला साबण निघत नाही. तिला गरम पाण्यात बुडवून ठेवायचं, पाणी तपकिरी झालं की बदलायचं, स्वच्छ येईपर्यंत. काही जण पाण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. काजळी त्याने लवकर सुटते हे खरं, पण टँक प्लास्टिकचा असेल तर त्याला लावू नका, तडे जातात, आणि शेवटी पाण्याने खळबळून ते पूर्ण उडाल्याशिवाय बटण दाबायचं नाही, पेट घेणारी वस्तू आहे ती. हातमोजे घाला, लिक्विडमधलं निकोटीन कातडीतून आत जातं. घरात लहान मूल असेल तर धुतलेलं पाणी लगेच ओतून टाका, वाटी तशीच ठेवू नका.

आता वाळवणं. इथे मी अडकलो आणि इथेच सगळे अडकतात.

जो तो सांगतो "रात्रभर वाळू द्या". दुकानातला मुलगाही हेच म्हणाला, व्हिडिओतही हेच. हे सांगणारे कुठे राहतात कुणास ठाऊक. सोलापूरला एप्रिलमध्ये रात्रभर ठेवली तर कॉइल वाळेलही, पण स्लाउला नोव्हेंबरमध्ये माझे मोजे दोन दिवस वाळत नाहीत, खिडकीच्या काचेला आतून पाणी धरलेलं असतं. कॉइल बाहेरून तर तासाभरातच कोरडी दिसते. आतला कापूस धातूच्या नळीत घट्ट कोंबलेला असतो, हवा जायला दोन-चार बारीक भोकं, तिथलं पाणी जाणार कुठून? सकाळी बघितली, कोरडी वाटली, लिक्विड भरलं, बटण दाबलं की तडतड आवाज, तोंडात गरम थेंब उडाले, चव पाणचट. पाणी शंभर अंशाला उकळतं, लिक्विडमधलं प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ ला आणि ग्लिसरीन तर २९० च्या आसपास, त्यामुळे कापसात पाणी राहिलं तर आधी ते फटफट उडतं. आणि जिथून पाणी उडालं तिथे दाट लिक्विड लगेच पोचत नाही, तेवढा भाग कोरडा पडतो आणि करपतो. म्हणजे काजळीतून वाचवलेली कॉइल घाई केली की करपून जाते.

आणि घाई का होते हे जो सिगारेट सोडतोय त्यालाच कळेल. कॉइल वाळत पडलीय म्हणजे हातात काही नाही. पहिला दिवस कसातरी जातो. दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये कुणीतरी बाहेर चाललेलं असतं, पेट्रोल पंपावरचं दुकान रस्त्यातच असतं, आणि डोकं म्हणतं एकच घेऊ. मी घेतली नाही, त्याचा मला अभिमान आहे, पण ते दोन दिवस मला जितके जड गेले तितका सिगारेट सोडल्याचा पहिला आठवडाही गेला नव्हता. म्हणून माझं म्हणणं असं की धुण्याबिण्याच्या सगळ्या टिपांच्या आधी दुसरा टँक घ्या. नाहीतर निदान एक नवीन कॉइल कायम ड्रॉवरमध्ये. ती नसेल तर धुवायला घेऊच नका. तीन पौंड वाचवायला जाऊन सिगारेटचं पाकीट घेतलं तर काय कमावलं?

लवकर वाळवायचे जे उपाय लोक सांगतात त्यातले बरेच वाईट आहेत. हेअर ड्रायर जवळून लावला की तळाचं रबर आणि त्यातलं इन्सुलेशन मऊ पडतं, मग कॉइल शॉर्ट होते नाहीतर गळते. ओव्हन नको, मायक्रोवेव्ह तर अजिबातच नको, धातू आहे तो. तांदळाच्या डब्यात ठेवण्याने काही होत नाही, उलट पीठ भोकात बसतं. आणि कमी वॅटवर बटण दाबून दाबून "भाजून" वाळवा म्हणतात, ते तर सगळ्यात घातक, कारण आत कापूस आहे आणि तो कुठे ओला कुठे कोरडा हे बाहेरून दिसत नाही.

जे खरंच चाललं ते सांगतो. धुतल्यावर कॉइल टिश्यूत गुंडाळायची आणि एका टोकाने जोरात फुंकायची, मग उलटी करून परत, टिश्यूला डाग यायचे थांबेपर्यंत. यातच निम्मं पाणी जातं. मग हीटिंगच्या रेडिएटरवर घडी घातलेला टॉवेल, त्यावर कॉइल आडवी, मधूनमधून फिरवायची. आणि वाळली की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं नाही, वजनाने ठरवायचं. सोनं मोजायचा तो खिशातला छोटा काटा मिळतो ना, ०.०१ ग्रॅम दाखवणारा, ऑनलाइन अगदी स्वस्त आहे. सकाळी वजन करायचं, संध्याकाळी करायचं, कमी झालं असेल तर अजून पाणी आहे. लागोपाठ दोनदा आकडा तोच आला की वाळली. नव्या कॉइलच्या वजनाशी तुलना करू नका, कारण थोडी काजळी राहतेच. माझ्याकडे हिवाळ्यात पूर्ण दोन दिवस, कधी तिसराही लागतो, उन्हाळ्यात एक. हा काटा आला त्या दिवसापासून माझी एकही धुतलेली कॉइल तडतडली नाही. इतकी साधी गोष्ट, कुणीच कशी सांगत नाही?

वाळल्यावर परत लावताना नवीन असल्यासारखंच वागायचं. कापूस दिसतो त्या भोकांवर लिक्विडचे थेंब, टँक भरून दहा मिनिटं तसाच ठेवायचा, बटण न दाबता दोन-तीनदा ओढायचं, मग कॉइलवर लिहिलेल्या वॅटच्या खालच्या टोकापासून सुरुवात. स्क्रीनवर ओहम, म्हणजे कॉइलचा विद्युतरोध, दिसत असेल तर बघा, कॉइलवर ०.८ छापलंय आणि स्क्रीन ०.५ नाहीतर १.२ दाखवतेय तर सरळ टाकून द्या. टाकायची म्हणजे कचऱ्यात नाही, वेप विकणाऱ्या दुकानाने जुना माल परत घ्यायचा असतो, तिथे द्या.

खरं सांगू का, धुतलेली कॉइल नव्याइतकी टिकत नाही. काही दिवस जास्त मिळतात, बस. त्यापेक्षा मोठा फरक मला लिक्विड बदलल्याने पडला. गोड फ्लेवर सोडून साधा पुदिना घेतला आणि तीच कॉइल कितीतरी जास्त चालायला लागली, धुवायची वेळच कमी येते. दुसरं, लहान पॉडमध्ये, म्हणजे छोट्या डबीच्या वेपमध्ये, ग्लिसरीन जास्त असलेलं दाट लिक्विड घालू नका, कापसात ते चढत नाही, ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल निम्मं-निम्मं असलेलं घ्या. लागोपाठ ओढू नका, दोन दमांच्या मध्ये कापसाला भिजायला वेळ द्या. टँक तळाला जाईपर्यंत थांबू नका, इथे तो जास्तीत जास्त २ मिलिलीटरचाच असतो, लवकर संपतो.

हे आधी लिहायला हवं होतं – बॅटरीला टँक जिथे स्क्रू होतो तिथल्या पिनेवर लिक्विड साचतं, ते कापसाच्या काडीने पुसत जा. ॲटोमायझर (म्हणजे कॉइल बसवलेला टँक) सापडत नाही असा एरर येतो तो बऱ्याचदा याच्यामुळे, आणि लोक चांगली कॉइल फेकून देतात.

सध्या मी स्वतः तार बांधायचा टँक वापरतो. स्टीलची तार तीच राहते, फक्त कापूस बदलायचा, तो पाकिटभर काही पौंडांत मिळतो आणि महिनोन्‌महिने पुरतो. यात मात्र तार भाजून साफ करता येते, कारण कापूस आधी काढलेला असतो. कमी वॅटवर थोडं थोडं बटण दाबायचं, तार मधून बाहेरच्या बाजूला जेमतेम लाल व्हायला लागली की सोडायचं, गार झाल्यावर ब्रश आणि पाणी. वाळायला दोन मिनिटं लागतात! निकेल किंवा टायटॅनियमची तार असेल तर ती भाजू नका, त्यातून निघतं ते छातीत जायला नको. कापूस तारेतून ओढताना थोडा अडला पाहिजे, फार घट्ट झाला तर करपतो, सैल झाला तर गळतो, हाताला सवय लागते. पण बॅटरी आणि ओहम यांचं गणित समजल्याशिवाय यात उतरू नका.

१ ऑक्टोबर २०२६ पासून इथे लिक्विडवर १० मिलिलीटरला २.२० पौंड कर आहे, त्यामुळे जिथे वाचवता येईल तिथे वाचवायलाच हवं.

आणि भारतात जाणार असाल तर हे सगळं घरीच ठेवून जा. माझा मावसभाऊ पुण्याहून फोनवर "दादा, येताना एक आण की" म्हणाला, त्याला मी सरळ नाही म्हटलं. २०१९ च्या कायद्याने तिथे ई-सिगारेट आणणं, विकणं, साठवणं सगळं बंद आहे, आणण्या-विकण्याच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी जाताना डॉक्टरला विचारून निकोटीनचं च्युइंगम घेऊन गेलो, तीन आठवडे त्यावर निघाले. टँक जायच्या आधी धुवून, वाळवून, कॉइल काढून ठेवला होता. लिक्विड भरून ठेवला असता तर परत येईपर्यंत सगळं टेबलावर गळलं असतं.