फ्लेमिंगोच्या नोंदी: तारखांचं घोडं कुठवर आलं

मंडळी, नवी मुंबईतल्या ऐरोली आणि सीवूड्सच्या नोंदी आता एकाच फाइलमध्ये आल्यात. पक्षी राहिले बाजूला, सध्या सगळा वेळ तारखा खातायत. कुणी ०७/०२/२०२४ लिहितं, कुणी ७ फेब्रु., तर कुणी नुसतंच ‘काल’. (‘काल’वाल्यांना मेसेजच्या वेळेवरून पकडलंय.)

जावास्क्रिप्टच्या न्यू डेटला (मजकुरातून तारीख-वेळेचा डेट ऑब्जेक्ट बनवणाऱ्या आज्ञेला) इंग्रजी अंकांत ०७/०२/२०२४ दिलं की क्रोम ते बिनदिक्कत २ जुलै धरतं. आधी महिना, मग दिवस, अमेरिकी रीत. २३/०२ असेल तर निदान ‘इनव्हॅलिड डेट’ म्हणून हात तरी वर करतं; बाराच्या आतले दिवस मात्र गुपचूप उलटतात. आपल्या नोंदींत हे उघडं पडतं, कारण मोठे थवे साधारण नोव्हेंबर ते मेमधले. भर जुलैत खाडीवर हजारो फ्लेमिंगो दिसले की ती ओळ तपासायची. पण मोजके पक्षी पावसाळ्यातही मागे राहतात, त्यामुळे महिना बघून आपोआप अदलाबदल करायला माझा विरोध आहे. फक्त खूण करायची आणि मूळ मजकूर शेजारच्या रकान्यात जसाच्या तसा ठेवायचा.

देवनागरी अंक न्यू डेटला कळत नाहीत, रेगेक्सच्या (मजकुरात नमुने शोधायच्या सोयीच्या) बॅकस्लॅश-डी या ‘कोणताही अंक’ खुणेलाही नाहीत. उपाय सोपा: कॅरॅक्टर कोडमधून (संगणकातल्या त्या अक्षराच्या क्रमांकातून) २४०६ वजा केले की अंक हातात. महिन्यांच्या नावांनी जास्त छळलं. ‘ऑक्टोबर’मधला ऑ काही कीबोर्ड एक अक्षर म्हणून लिहितात, काही आ आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे. दिसायला सारखेच, पण तुलनेत वेगळे, आणि नॉर्मलाइझ करूनही (एकाच अक्षराची वेगळी रूपं जुळवायची आज्ञा देऊनही) एक होत नाहीत. ती जोडी हाताने बदलावी लागते.

वेळ नसलेली तारीख डेट ऑब्जेक्टमध्ये कोंबणंच मी बंद केलंय. आपल्याकडची ७ फेब्रुवारीची मध्यरात्र टू-आयएसओ-स्ट्रिंगमधून, म्हणजे यूटीसी या जागतिक वेळेत, काढली की ६ फेब्रुवारी, १८:३० मिळते. साडेपाच तासांत दिवस गेला! आता वर्ष, महिना, दिवस असे तीन आकडे वेगळे ठेवून जावास्क्रिप्टच्या नव्या टेंपोरलमधल्या प्लेनडेटला (वेळ नसलेली नुसती तारीख ठेवणाऱ्या प्रकाराला) देतो. तिथे ओव्हरफ्लो (महिन्यात न बसणारा दिवस) ‘रिजेक्ट’ करायला विसरू नका, नाहीतर ३१ फेब्रुवारीची मुकाट्याने २९ होते. जुन्या डेटमध्ये तीच २ मार्च व्हायची, म्हणजे चूक लपवण्यात दोघंही सारखेच.

बाकी आहेत दोन आकडी वर्षं आणि वह्यांमधल्या नोंदी. वह्यांची पानं फोटो काढूनच पाठवा, टाइप करून नकोत.