आइसबेरेन बर्लिनची नोंदवही: दोन संघांच्या लीगची पाने पूर्ण

आइसबेरेन बर्लिन या आइस हॉकी क्लबचा हंगामवार इतिहास मराठीत नोंदवून ठेवण्याच्या कामात पूर्व जर्मनीचा भाग आता हातावेगळा झाला असून १९९० नंतरची पानेही बरीच भरली आहेत. या क्लबची ओळख साधारणपणे ११ जर्मन विजेतेपदांवरून करून दिली जाते, आणि त्या गणतीची सुरुवात २००५ पासून होते. त्याआधी डायनामो बर्लिन या नावाने मिळवलेली पूर्व जर्मनीची १५ विजेतेपदे मात्र बहुतेक वेळा एका ओळीत आटोपली जातात. ही वाटणी मला मान्य नाही, म्हणूनच या टप्प्यावर सर्वाधिक वेळ जुन्या पानांना दिला.

१९७० ते १९९० या काळात पूर्व जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये दोनच संघ होते: बर्लिन आणि पोलंडच्या सीमेजवळचे काचकामासाठी प्रसिद्ध असलेले छोटे गाव व्हाइसवासर. क्रीडा नेतृत्वाने ऑलिंपिक पदकांचा हिशेब मांडला, तेव्हा वीसेक खेळाडूंवर खर्च करून फार तर एकच पदक मिळवून देणारा हा खेळ त्या हिशेबात बसला नाही. १९६६ मध्ये युरोपीय अजिंक्यपदाचे कांस्यपदक मिळवलेला राष्ट्रीय संघ १९६८ च्या ग्रनोब्ल ऑलिंपिकमध्ये सातही सामने हरून मुख्य गटात शेवटचा आला, ही गोष्टही खेळाच्या बाजूची नव्हती. बाकीच्या संघांचा आधार काढून घेण्यात आला आणि डायनामो या क्रीडासंघटनेचे दोन संघ तेवढे टिकले, कारण त्या संघटनेचे प्रमुख एरिश मिल्के हे राज्य सुरक्षा मंत्रीही होते. हा आश्रय कोणाचा होता, हे नोंदवहीत स्पष्ट लिहिले पाहिजे असे मला वाटते. गुप्तचर यंत्रणेच्या प्रमुखाच्या मर्जीने खेळ वाचला, ही बाब खेळाडूंच्या मेहनतीला उणेपणा आणत नाही, पण ती झाकून ठेवणे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही.

या २० हंगामांसाठी पानाची मांडणी बदलावी लागली. गुणतक्त्याला काही अर्थच उरत नसल्याने तो रकाना काढून टाकला आणि समोरासमोर दोन उभे स्तंभ आखले. ते भरल्यावर चित्र असे दिसते: १९७१ ते १९७५ व्हाइसवासर, १९७६ ते १९८० बर्लिन, १९८१ व्हाइसवासर, १९८२ ते १९८८ सलग सात वर्षे बर्लिन, आणि १९८९ व १९९० पुन्हा व्हाइसवासर. म्हणजे १२ विरुद्ध ८. राजधानीच्या संघाने गावच्या संघाला कायम चिरडले, असा जो समज ऐकू येतो तो या स्तंभांसमोर टिकत नाही. पूर्व जर्मनीची सर्व वर्षे धरली तर व्हाइसवासरची विजेतेपदे २५, म्हणजे बर्लिनपेक्षा १० जास्त आहेत. शिवाय वर्षभर एकमेकांशी झुंजणारे हेच खेळाडू राष्ट्रीय संघात एका बाकावर बसत. बर्लिनच्या संघाशी खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून आयुष्यभर जोडले गेलेले हार्टमुट निकेल तर जन्माने व्हाइसवासरचेच होते.

एकीकरणानंतर दोन्ही संघांना बुंडेसलिगात, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च जर्मन लीगमध्ये, प्रवेश मिळाला, पण बर्लिनची पहिल्याच हंगामात दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. १९९२ मध्ये संघ वर परतला आणि त्याच वर्षी त्याने आइसबेरेन हे नाव घेतले. प्रेक्षक मात्र आजही ‘डायनामो’ची घोषणा देतात, म्हणून त्या वर्षाच्या पानावर मी दोन्ही नावे शिरोभागी ठेवली आहेत. होहेनशोनहाउझेन भागातील जेमतेम पाच हजार प्रेक्षकांचे वेलब्लेखपालास्ट, म्हणजे चाहत्यांचे ‘वेली’, या साऱ्या स्थित्यंतरात त्यांच्यासोबत राहिले.

पुढची काही वर्षे संक्षेपात नोंदवली आहेत. १९९४ मध्ये डीईएल या नव्या सर्वोच्च जर्मन लीगचे संस्थापक सदस्यत्व मिळाले. युरोपीय खेळाडूंना क्लब बदलण्याची मोकळीक देणाऱ्या न्यायालयाच्या बोस्मन निकालानंतर परदेशी खेळाडूंची मोठी भरती झाली आणि १९९८ च्या अंतिम मालिकेत मानहाइमकडून पराभव पत्करावा लागला. १९९९ मध्ये क्लब अमेरिकेच्या आन्शुट्झ समूहाकडे गेला. अखेर २००५ मध्ये प्रशिक्षक पिएर पाजे यांच्या हाताखाली पहिले जर्मन विजेतेपद आले. त्या हंगामात एनएचएल ही उत्तर अमेरिकेची लीग बंद असल्याने गोलरक्षक ओलाफ कोल्झिग आणि आघाडीचा खेळाडू एरिक कोल बर्लिनकडून खेळले, हे त्या यशाच्या नोंदीत यायलाच हवे. २००८ मध्ये संघ १४,००० हून अधिक प्रेक्षकांच्या नव्या सभागृहात गेला.

प्रशिक्षक डॉन जॅक्सन यांच्या काळातील सहा हंगामांतील पाच विजेतेपदांपैकी २०१२ च्या पानावर मी सर्वाधिक रेंगाळलो. पाच सामन्यांच्या अंतिम मालिकेत मानहाइम २-१ ने पुढे होता, चौथा सामना त्यांच्याच घरी होता, आणि तिसऱ्या सत्रात फलक ५-२ असा त्यांच्याच बाजूने होता. आणखी काही मिनिटे तग धरली असती तर चषक मानहाइमचा होता. बर्लिनने तीन गोल करून बरोबरी साधली, जादा वेळेत ६-५ असा सामना जिंकला आणि घरच्या पाचव्या सामन्यात मालिकाही खिशात घातली. हंगामागे एकच पान हा माझा नियम येथे मोडला असून या एका सामन्याला स्वतंत्र पान दिले आहे.

प्रशिक्षक सर्ज ओबँ यांच्या काळातील २०२१, २०२२, २०२४ आणि २०२५ ही चार विजेतेपदे नोंदवून झाली आहेत. त्यांच्या मधोमध २०२३ मध्ये गतविजेता संघ अकराव्या स्थानी राहून प्ले-ऑफलाही मुकला, त्यामुळे ते पान मी इतर पानांइतकेच सविस्तर लिहिले आहे. २०२५ च्या पानावर सर्वात वर टोबियास एडर यांचे नाव आणि त्यांचा २२ हा क्रमांक आहे. वयाच्या २६ व्या वर्षी, हंगाम चालू असतानाच, कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे अंतिम मालिकेत कोलोनला हरवले.

आता व्हाइसवासरचा १९९० नंतरचा स्तंभ हाती घेत आहे. तो संघ आज लाउझिट्सर फ्यूक्से या नावाने डीईएल-२ या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळतो, आणि बर्लिनच्या नोंदवहीतही त्याचा स्तंभ १९९० वर न थांबवता आजच्या हंगामापर्यंत शेजारीच चालवण्याचे मी ठरवले आहे.