‘काही नाही, नोकरी केली’

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न नेहमी साधारण एकाच घाटाचा असतो. आजोबा मिलिटरीत होते, वीसेक वर्षं काढली, एकाहत्तरची लढाई पाहिली, आता पंचाहत्तरी ओलांडलीय. त्यांच्या आठवणी लिहून ठेवायच्यात, पण विषय काढला की “काही नाही, नोकरी केली” एवढं बोलून पेपर पुन्हा डोळ्यांसमोर धरतात. त्यांना बोलतं कसं करायचं?

“लढाईचं काहीतरी सांगा ना” असं विचारत असाल तर उत्तर तेच येणार, आणि ते खोटंही नाही. जवानाला लढाई सबंध अशी दिसतच नाही. त्याला दिसतो आपला सेक्शन, म्हणजे दहाएक माणसं, पुढ्यातली शेदोनशे यार्ड जमीन आणि सेक्शन कमांडरची पाठ. नकाशावरचे बाण त्याला नंतर कळतात, पुष्कळदा रेडिओवरून. तेव्हा लढाई विचारूच नका. बूट विचारा, पेटी विचारा, चहा कशात प्यायचात ते विचारा.

पण त्याआधी कागद. आजोबांसमोर बसण्यापूर्वी दोन संध्याकाळी कागदांवर घालवा.

माळ्यावर काळी पत्र्याची पेटी असेल, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव रंगवलेलं असेल. आधी तिचा फोटो काढा, कारण कुणीतरी ती लवकरच रंगवून धान्याला वापरणार आहे. आत डिस्चार्ज बुक सापडेल. त्यात भरतीची तारीख, सुटल्याची तारीख आणि कारण, ट्रेड, मेडिकल कॅटेगरी, मिळालेली पदकं, शरीरावरच्या खुणा असा ऐवज असतो. प्रत्येक पानाचा उजेडात सरळ वरून फोटो घ्या, कोरी पानंसुद्धा, कारण मागच्या बाजूला शिक्के असतात. लॅमिनेशन मात्र करू नका. जुना कागद उष्णतेनं आत तपकिरी पडतो आणि पुन्हा बाहेर काढता येत नाही. पेन्शन असेल तर पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा हुकूमही ठेवलेला असतो. त्यात एकूण सेवा आणि शेवटचा हुद्दा मिळतो.

या कागदांत तीन ठिकाणी घोळ होतो. पहिला जन्मतारखेचा. आपल्याकडे १ जूनला जन्मलेली माणसं किती, ते शाळेच्या रजिस्टरवरून कळतंच. भरतीतही तीच तारीख पुढं गेली. आजोबा “सोळाव्या वर्षी पळून गेलो” म्हणतात आणि बुकात अठरा पूर्ण असतात. दोन्ही लिहा, दुरुस्त करायला जाऊ नका. दुसरा नावाचा. जुन्या रेकॉर्डला पुष्कळदा नाव आणि वडिलांचं नाव एवढंच, आडनाव नाहीच. रोमन अक्षरांत ‘ज्ञानू’ तीन तऱ्हेनं लिहिलेला सापडतो, म्हणून कुठंही अर्ज करताना बुकातलंच स्पेलिंग उतरवा. तिसरा नंबराचा. हवालदाराचा नायब सुभेदार झाला की नंबर बदलतो, नव्याच्या आधी ‘जेसी’, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड, लागतं. शिपाई असताना मिळालेल्या पदकावर जुना नंबर आणि पेन्शनवर नवा, म्हणजे दोन माणसं असं समजू नका. आणि १९६५च्या आधीच्या कागदात ‘जमादार’ दिसला तर तो आजचा नायब सुभेदार.

आता पदकं. इथं घरोघरी एकच अपराध होतो: १५ ऑगस्ट आला की कुणीतरी हौसेनं ब्रासो घेऊन बसतं. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. चार-पाच वर्षं घासलं की ती अक्षरं बुजतात, मग पदक चकचकीत राहतं आणि कुणाचं ते सांगता येत नाही. कोरड्या मऊ कापडानं पुसा, बस्स. कडेचे फोटो तिरप्या उजेडात घ्या, पदक थोडं थोडं फिरवत, म्हणजे चार-पाच फोटोंत सगळी ओळ येते.

पदकं वाचता आली की निम्मी मुलाखत आधीच हातात येते. एकाहत्तरला पूर्वेकडं लढलेल्याला पूर्वी स्टार, पश्चिमेकडं लढलेल्याला पश्चिमी स्टार. संग्राम मेडल त्या काळात सैन्यात असलेल्या जवळपास सगळ्यांना मिळालं, म्हणून नुसतं तेवढंच असेल तर आजोबा बहुधा आघाडीवर नव्हते, डेपोत किंवा सेंटरला, म्हणजे रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्रात होते. त्यात कमीपणा नाही, पण प्रश्न वेगळे विचारावे लागतात. पासष्टचं तसंच: समर सेवा स्टार लढाईच्या भागातल्यांना, रक्षा मेडल बाकीच्यांनाही. सैन्य सेवा मेडलच्या रिबनवर धातूची आडवी पट्टी असते, तिच्यावर ‘हिमालय’ किंवा ‘जम्मू-काश्मीर’ असा भाग लिहिलेला असतो. ‘ऑपरेशन विजय’ हे नाव दोनदा वापरलं गेलंय, १९६१ला गोव्यात आणि १९९९ला कारगिलला. गोव्यातल्यांना जनरल सर्व्हिस मेडलवर ‘गोवा १९६१’ची पट्टी आहे. आजोबा “विजयमध्ये होतो” म्हणाले तर वय बघून ठरवा.

कागद झाले की एका फुलस्केपवर उभे रकाने पाडा: साल, युनिट, जागा, हुद्दा, घरचे कुठं होते. भरतीपासून सुटण्यापर्यंत जेवढं कागदावरून भरता येईल तेवढं भरा आणि बाकी मोकळं सोडा. मोकळे रकाने आजोबांना सालावरून विचारू नका. “त्रेसष्टला कुठं होतात?” याला उत्तर येत नाही. “कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कुठं होतात?” याला लगेच येतं, कारण ११ डिसेंबर १९६७ला गावाकडची खबर कळेपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागला होता. पानशेत फुटलं ती १२ जुलै १९६१ची तारीख, बहात्तरचा दुष्काळ, थोरल्या बहिणीचं लग्न, हे सगळे खुंटे उपयोगी पडतात. सगळ्यात भरवशाचा खुंटा मात्र पोरांचे जन्म. जवानाला वर्षाला साठ दिवस अॅन्युअल आणि तीस दिवस कॅज्युअल रजा. पोराच्या जन्मतारखेतून नऊ महिने मागं गेलात की रजा कधी मिळाली ते कळतं. हा हिशेब मोठ्यानं मांडायची गरज नाही.

पत्रं जपली असतील तर तीही पत्ते सांगतात. फौजी पत्त्यावर गाव नसतं, पलटणीचं नाव आणि पुढं ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, म्हणजे फौजी टपालाचा नंबर. ५६ची डाक दिल्लीवरून वाटली जाते, ९९ची कोलकात्यावरून. म्हणजे ९९ असेल तर आजोबा त्या वर्षी पूर्वेकडं.

मग प्रत्यक्ष बसणं. पहिल्या बैठकीला एकच गोष्ट करा: हातात काठी द्या आणि रायफल कशी चालवायचात ते विचारा. तोंड जे सांगत नाही ते हात सांगतो. थ्री नॉट थ्री ही जुनी रायफल वापरलेल्याचा उजवा हात मुठीसारखा वळतो, वर जातो, मागं येतो, पुढं जातो, खाली बसतो. दर गोळीला बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा खटका, असा ओढावा लागे, दहा गोळ्यांचं मॅगझिन पाच-पाचच्या क्लिपांनी भरावं लागे. एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, वापरलेल्याचा हात बोल्टकडं जातच नाही, ट्रिगरचं बोट तेवढं हलतं, कारण ती आपोआप भरायची, मॅगझिन वीसचं. एसएलआर बासष्टनंतर हळूहळू आली, तेव्हा बासष्टला नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, असलेल्या आजोबांनी एसएलआरचं सांगितलं तर नंतरची आठवण मागं सरकलीय असं समजा. हात चालू झाला की पाऊल, बूट, पिठ्ठू म्हणजे पाठीवरची पिशवी, थंडी अशा गोष्टी आपोआप येतात. शक्करपारे विचारा. लढाईत लंगर, म्हणजे पलटणीचा स्वयंपाक, पोचला नाही की खिशातल्या त्या गोड वड्यांवर दिवस निघायचा, आणि कितीजणांनी पुढं आयुष्यभर शक्करपाऱ्याला हात लावला नाही!

भाषा सांभाळा. आजोबांची मराठी आणि फौजी हिंदी एकात एक विणलेली असते, ती शुद्ध करून लिहिलीत तर माणूस हरवतो. शिवाय ओळखीच्या शब्दांचे अर्थ तिथं वेगळे. ‘मोर्चात बसलो होतो’ म्हणजे खंदकात, निवेदन घेऊन कलेक्टर कचेरीवर नव्हे. ‘पार्टी पाठवली’ म्हणजे कामाला नेमलेली टोळी. ‘लाईन’ म्हणजे राहायची बराक. ‘पेशी’ म्हणजे साहेबासमोर उभं राहणं, कोर्ट नव्हे. ‘कोत’ म्हणजे हत्यारं ठेवायची खोली. ‘फॅमिली आणली’ म्हणजे बायको आणली, आईवडील गावीच. ‘सागरला होतो’ म्हणाले की नातवंडं नेव्ही लिहून मोकळी होतात. ते मध्य प्रदेशातलं सागर, महार रेजिमेंटचं सेंटर. रेजिमेंट उभी राहिली ती मात्र बेळगावात, १ ऑक्टोबर १९४१ला. अशा शब्दांची वहीच्या मागच्या पानावर यादी ठेवा आणि अर्थ आजोबांकडूनच घ्या.

रेकॉर्डिंगला फोन पुरतो. एअरप्लेन मोडवर टाका, घडी घातलेल्या टॉवेलवर आजोबांपासून हातभर अंतरावर ठेवा, पंखा बंद करा. उन्हाळ्यात तेवढंच जड जातं, म्हणून सकाळी बसा, कुकर लागायच्या आत. सुरुवातीला तारीख, गाव आणि कोण बोलतंय ते स्वतः बोला. पाच मिनिटं घेऊन ऐकून पाहा, मगच पुढं जा. चाळीस मिनिटांच्या वर ताणू नका. तोफखान्यातला माणूस असेल तर बहुधा एका कानानं कमी ऐकतो, चांगल्या कानाच्या बाजूला बसा आणि ओरडण्याऐवजी सावकाश बोला. त्याच दिवशी फाईलला तारखेचं नाव देऊन दोन ठिकाणी ठेवा. व्हॉट्सअॅपवर गेली म्हणजे जपली असं होत नाही.

जुना जोडीदार हयात असेल तर त्याला बोलवाच, पण आधी दोघांचं वेगवेगळं घ्या, मग एकत्र. एकत्र बसले की रंगतात, पण एकाची आठवण दुसऱ्याच्या अंगात शिरते, आणि हुद्द्यानं मोठा जो असेल त्याचंच खरं ठरतं. सुभेदार साहेब बोलताहेत म्हटल्यावर नाईक अजूनही गप्प बसतो, चाळीस वर्षं झाली तरी.

तपासणी करताना एक गोष्ट हमखास दिसते. काळ जातो तसे एकाहत्तरचे सगळेच जण ढाक्याला पोचतात. १६ डिसेंबरला तिथं होते ते थोडे. पदक आणि पलटण ताडून पाहा. पलटणींची नावंही बदललेली असतात. ११ डिसेंबर १९७१ला बांगलादेशातल्या टांगाइलला छत्रीनं उतरली ती दोन पॅरा ही छत्रीधारी पलटण १९५२पर्यंत तीन मराठा होती, आणि रस्त्यानं जाऊन तिला पुंगली पुलाशी मिळाली ती एक मराठा, म्हणजे जंगी पलटण. तेव्हा पॅरातले आजोबा “आमची मराठा” म्हणाले तर चुकत नाहीत. काही जुळलं नाही तर त्यांना खोडू नका. त्यांचं वाक्य जसंच्या तसं ठेवून खाली कंसात कागद काय म्हणतो ते लिहा.

“किती मारलेत?” हा प्रश्न विचारायचा नाही. लहान मुलं हमखास विचारतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. बाजूचा गडी गेला तिथं आजोबा थांबतील. थांबू द्या, मधे शब्द घालू नका, पाणी पुढं करा. फोन बंद करा म्हणाले तर त्यांच्यासमोर बंद करा, आणि नंतर ऐकलेलं त्यांना न विचारता लिहू नका. एकच खबरदारी आणखी: जुनी लढाई लिहायला अडचण नाही, पण मुलगा किंवा नातू आज नोकरीत असेल तर त्याच्या युनिटचं ठिकाण त्यात गुंफू नका. ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्ट निवृत्तांनाही लागू आहे.

डिस्चार्ज बुकच हरवलं असेल तर आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. माजी सैनिकाची नोंद तिथं असते आणि रेकॉर्ड ऑफिसला कसं लिहायचं तेही तिथं सांगतात. रेकॉर्ड ऑफिस जिल्ह्यावर नाही, रेजिमेंटवर ठरतं: मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगाव, बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे इंजिनिअर पलटणींचं, खडकी, तोफखान्याचं नाशिक रोड, रणगाड्यांचं अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाचं अहमदनगर, सिग्नलचं जबलपूर. नंबराशिवाय अर्ज पुढं सरकत नाही, म्हणून पेटी, पदकाची कड, जुना रेल्वे वॉरंट म्हणजे सरकारी प्रवासाचा कागद, कुठूनही नंबर काढा. आजोबा शुद्धीवर असतील तर त्यांनाच विचारा. नातवंडांची नावं विसरलेला माणूसही तो न अडखळता म्हणून दाखवतो. पेन्शन न घेता लवकर सुटलेल्यांचे कागद मात्र ठरावीक वर्षांनी काढून टाकतात, तिथं उशीर करू नका.

आणि आजींसाठी एक सकाळ वेगळी ठेवा, आजोबा बाहेर गेलेले असताना. मनिऑर्डर महिन्याच्या कुठल्या तारखेला यायची, किती यायची, सासऱ्यांच्या हातात पडायची की त्यांच्या, रजेवरून जाताना बिस्तरबंद कोण बांधायचं, एकाहत्तरच्या डिसेंबरात पत्र किती दिवस आलं नाही. फुलस्केपवरचे बरेचसे मोकळे रकाने त्या बैठकीत भरतात.