कारवारची 'चपळ' आणि ते वाकडं पिंप

माझ्या टेबलावर 'निर्घात' या बोटीचं छोटं मॉडेल दोन वर्षं अर्धवट पडून होतं. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री कराचीवर हल्ल्याला गेलेल्या भारतीय नौदलाच्या तीन क्षेपणास्त्र-बोटींपैकी ही एक. बाकीच्या दोन 'निपात' आणि 'वीर'. काम अडलं ते डोलकाठीमागच्या उंच खांबावरच्या वस्तूपाशी. जुन्या धूसर फोटोंत ते आडवं पिंप वाटायचं. मी ती पाण्याची टाकी समजून सरळ बसवली होती.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत लेकीला घेऊन कारवार गाठलं. टागोर बीचवर त्याच जातकुळीची 'आयएनएस चपळ' संग्रहालय म्हणून जमिनीवर उभी आहे. डेकवर पोचताच लेक म्हणाली, "बाबा, पिंप तिरकं आहे, आणि टाकी एवढ्या उंचावर कोण ठेवेल?" बरोबर! ते पिंप म्हणजे 30 मिमी तोफांना नेम देणारा रडार. पुढची आणि मागची, दोन्ही तोफा त्याच्या इशाऱ्यावर चालायच्या. पाश्चात्त्य नौदलांनी त्याला 'ड्रम टिल्ट' म्हटलं, म्हणजे तिरका ढोल. अनोळखी वस्तूचं नाव शोधण्याआधी ती कुठे बसवली आहे, तिला कुठल्या दिशा मोकळ्या आहेत, तिच्या आसपास काय आहे, हे बघा. निम्मं उत्तर तिथेच असतं.

पण 'चपळ' पाहून 1971 ची बोट करणाऱ्यांनी एक गोष्ट जपायची. 'चपळ' ही सोव्हिएत बनावटीच्या ओसा-2 प्रकारची, नंतरची बोट. तिचे चार क्षेपणास्त्र-लाँचर गोल नळकांड्यांसारखे आहेत. कराचीला गेलेल्या बोटी ओसा-1. त्यांचे लाँचर चौकोनी, गॅरेजसारख्या पेट्या. आधीच्या क्षेपणास्त्राचे पंख पसरलेलेच राहायचे, त्याला ऐसपैस जागा लागे. पुढच्या आवृत्तीचे पंख मिटायला लागले, म्हणून नळकांडं पुरलं. तोफा आणि तिरका ढोल मात्र दोन्हीकडे तेच, ते बिनधास्त उतरवून घ्या. मागची लाँचर-जोडी पुढच्या जोडीवरून मारा करता यावा म्हणून उंचावर आहे. ही उंची फोटोत चपटी होते, तिथे जाऊन बाजूने पाहाच.

मोजमापासाठी फूटपट्टी न्या. लेकीने ती प्रत्येक वस्तूला टेकवून धरली आणि मी समोरून, बाजूने, शक्य तिथे वरूनही फोटो काढले. वस्तू आणि पट्टी कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर हव्यात, नाहीतर माप फसतं. दोर गुंडाळायचे जोडखुंट, हवा खेळवणाऱ्या भूछत्रासारख्या टोप्या, झाकणांच्या बिजागऱ्या, असं बारीकसारीक आधी टिपा, लाँचरचे फोटो कुठेही मिळतील. बोट सुमारे 38.6 मीटर लांब, म्हणजे 1/72 प्रमाणाच्या मॉडेलला साधारण 53.6 सेंमी. तोफेच्या नळीचं तोंड त्या प्रमाणात जेमतेम 0.4 मिमी, मी बारीक इंजेक्शनची सुई कापून लावली, प्लॅस्टिकपेक्षा सरळ राहते. रंग मात्र इथून उचलू नका, संग्रहालयात बोट पुन्हा पुन्हा रंगवतात.

कोकण रेल्वेचं कारवार स्टेशन शिरवाडला, गावाबाहेर आहे. रिक्षा करावी लागते. सकाळी लवकर जा. दुपारी पत्रा तापतो आणि आतल्या अरुंद जागेत जीव घामाघूम होतो. आत फोटो काढण्याआधी विचारा. आणि गावाच्या दक्षिणेला अरगा भागात नौदलाचा तळ आहे, तिकडे कॅमेरा बॅगेतच राहू द्या.

घरी परतल्यावर पहिलं काम म्हणजे ते पिंप उपटून तिरकं चिकटवलं. आता चार चौकोनी पेट्या करायला घेतल्यात.