लिहिणारी एकच, वाचणाऱ्या दोन

गेल्या पावसाळ्यात, इंदूरच्या रामबागेतल्या घरी, मी कॅमेऱ्याच्या एका छोट्या प्रणालीवर काम करीत होतो. एक प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) शेअर्ड मेमरीत, म्हणजे अनेक प्रोसेसना सामाईक असलेल्या मेमरीत, फ्रेम लिहीत असे आणि दुसऱ्या दोन त्या वाचत असत. काही फ्रेमवर आडव्या पट्ट्या उमटत होत्या. वाचणाऱ्यांपैकीच कोणीतरी त्या मेमरीच्या पानांवर लिहीत असावी, असा संशय मला दोन दिवसांनी आला.

वाचणाऱ्यांना ही मेमरी धरणारी फाइल केवळ वाचनासाठी उघडून दिली की पुरे, अशी माझी समजूत होती. मात्र मेमएफडीने (फक्त मेमरीत राहणारी फाइल बनवणाऱ्या लिनक्सच्या सोयीने) तयार केलेली फाइल, परवानग्या मूळच्याच ठेवल्या असतील तर, प्रोसेसच्या उघड्या फाइली दाखवणाऱ्या प्रॉक फाइल सिस्टीममधून पुन्हा लिहिण्यासाठी उघडता येते. म्हणून निर्बंध डिस्क्रिप्टरवर (उघडलेल्या फाइलच्या क्रमांकावर) नव्हे, तर खुद्द फाइलवर हवा.

त्यासाठी लिनक्समध्ये सील, म्हणजे फाइलवरच लावायचे निर्बंध, आहेत. २०१४ मध्ये ३.१७ या आवृत्तीत मेमएफडीबरोबरच ती आली, आणि एकदा लावलेले सील काढता येत नाही, हेच मला त्यांचे खरे बळ वाटते. परंतु त्यांतले राइट सील सर्वांचेच लेखन थांबवते, इतके की लिहिण्याजोगे एखादे शेअर्ड मॅपिंग (फाइलची प्रोसेसच्या मेमरीशी केलेली जोडणी) शिल्लक असेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ते लावूच देत नाही. आणि माझ्या कॅमेरा प्रोसेसला तर सतत लिहायचेच होते.

ही अडचण २०१९ मध्ये ५.१ आवृत्तीतल्या फ्यूचर राइट सीलने सोडवली. अँड्रॉइडला आपल्या जुन्या अ‍ॅशमेम या शेअर्ड मेमरीच्या सोयीऐवजी मेमएफडी वापरता यावी, या गरजेतून ते आले. आधी झालेले मॅपिंग लिहिते राहते. त्यानंतर मात्र राइट कॉल (फाइलीत लिहिण्याची थेट विनंती) असो वा लिहिण्याजोगे नवे शेअर्ड मॅपिंग, दोन्ही नाकारले जातात, आणि वाचनासाठी केलेले शेअर्ड मॅपिंग मॅपिंगची परवानगी बदलणाऱ्या एमप्रोटेक्टने लिहिते करता येत नाही. त्यामुळे क्रम काटेकोर पाळावा लागतो: सील लावण्याची मुभा मागून फाइल तयार करायची, आकार ठरवायचा, स्वतःसाठी मॅप करायची, सील लावायचे आणि मगच डिस्क्रिप्टर युनिक्स सॉकेटवरून (एकाच संगणकावरील प्रोसेसमधल्या संवादमार्गावरून) पाठवायचा. फोर्क करून, म्हणजे प्रोसेसची प्रत काढून, बनलेल्या चाइल्ड प्रोसेसकडे लिहिते मॅपिंग वारशाने जाते, हेही ध्यानात ठेवावे.

सील लावताच एक वाचणारी प्रोसेस परवानगी नाकारल्याची त्रुटी देऊन थांबली. चित्राचा आकार बदलणारा तिचा भाग मूळ पानांवरच निकाल लिहीत होता; त्याला मी स्वतंत्र बफर दिला. सीलमुळे वाचन आणि लेखन यांचा ताळमेळ मात्र बसत नाही, त्यासाठी फ्रेमचा क्रमांक तपासणे मी तसेच ठेवले आहे. कॅमेरा प्रोसेस पुन्हा सुरू झाली की तिलाही जुन्या फाइलवर लिहिता येत नाही, म्हणून ती दर वेळी नवी फाइल तयार करून वाचणाऱ्यांकडे पाठवते.